मारिओ टेनिस 'ओपन' सगळ्यात भारी? मग अकादमी कुठे गेली ते सांगा

तिस्कवाला:
काल इथे एका महाशयांनी ठोकून दिलं की निन्टेंडोच्या हातातल्या गेम-मशीनवरचा सगळ्यात भारी मारिओ टेनिस म्हणजे थ्रीडीएस या नंतरच्या मशीनवरचा २०१२चा ओपन, आणि गेमबॉय या जुन्या मशीनवाले नुसत्या आठवणी उगाळतात. रात्रीच उत्तर लिहिणार होतो, पण लाइट गेली. राग मात्र सकाळपर्यंत टिकलाय.

गेमबॉय कलरवरच्या मारिओ टेनिसच्या कथेत तुम्ही मारिओ नसताच. ॲलेक्स नाहीतर नीना, अकादमीत नवी भरती. ज्युनियर वर्गातल्या पोरांकडून मार खायचा, सराव करायचा, वर्ग चढायचे. बेटावरची स्पर्धा जिंकल्यावर कुठे मारिओसाहेबांचं बोलावणं येतं! बटणं दोनच. ए टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढची फिरकी; बी स्लाइस, म्हणजे मागची. ए-मग-बी लॉब, म्हणजे उंच फटका; बी-मग-ए ड्रॉप, म्हणजे जाळीपाशी हळूच टाकलेला. एवढ्यात अख्खं टेनिस बसवलं होतं गेम बनवणाऱ्या कॅमेलॉट कंपनीवाल्यांनी. २००५च्या पॉवर टूर या पुढच्या मारिओ टेनिसमध्येही क्ले आणि एस ही पोरं शिकत शिकतच वर जातात.

आणि ओपन? कप जिंका, पुढचा कप जिंका, बाहुल्याला टोप्या-बूट घ्या. कोर्टावर रंगीत गोल उमटला की आत उभं राहून त्या रंगाचं बटण दाबा. हे टेनिस की बालवाडी?

मळ्यातला:
ते महाशय मीच. रंगीत गोलाला चान्स शॉट म्हणतात, आणि तो समोरच्यालाही दिसतो. गोलात शिरायला कडेपर्यंत धावलास की तुझी दुसरी बाजू उघडी. धावायचं की जागा धरायची, हाच तर खेळ. आणि 'सुपर मारिओ टेनिस' बघितलंस तरी का? भिंतीवर जुन्या मारिओची लेव्हल सरकत असते, चेंडूने नाणी टिपायची. माझी भाची जेवायची थांबते त्यापायी. अकादमी-अकादमी काय लावलंय, बारावीनंतर आणखी शिकायची हौस आहे कोणाला?

बाल्कांवातला बोंडू:
दोघेही भाग्यवान, तुमचे गेम चालले तरी. माझा भाऊ तारवटी. योकोहामात बोट लागली तेव्हा माझ्यासाठी ओपन घेऊन आला. मशीन माझं दुबईचं. कार्ट्रिज आत घातलं तर दाखवायलाच तयार नाही. थ्रीडीएसला प्रदेशाचं कुलूप, गेमबॉयला नव्हतं. जपानातली वस्तू गोव्यात चालू नये म्हणून कोणी एवढं डोकं लढवलं असेल? त्या रागात मी चतुर्थीला भावाशी धड बोललो नाही. बिचाऱ्याची काय चूक!

मळ्यातला:
बोंडू, विषय काय, तू बोलतोस काय?

डबल फॉल्ट:
विषय टेनिस आहे असं वाटून आत आलो. टॉपस्पिन म्हणजे बटण, लॉब म्हणजे बटण! सरावाला पोरं येतात आणि पहिल्याच दिवशी ड्रॉप शॉट मारायला बघतात. रॅकेट कशी धरायची ते माहीत नाही, मनगट कुठे, खांदा कुठे. दोन्ही गेम भिंतीवर आपटा आणि कोर्टावर या. लिअँडर पेसचं मूळ गोव्यातलंच. १९९६ला अटलांटात ब्राँझ आणलं, ते काय गेमबॉय दाबून?

तिस्कवाला:
कुठल्या कोर्टावर येऊ सायबा?

मी लहान असताना काकांकडे सुट्टीला जायचो, तिथे शेजारीच एक क्लब होता. चिऱ्याची भिंत, वर काचा लावलेल्या. चेंडू बाहेर पडायचा तो थेट गटाराच्या कडेला. लाल चिखलात माखलेला, लव भिजून जड झालेला. आम्ही चड्डीला पुसून आत फेकायचो. आतून "थँक यू" यायचं, "आत या" कधी आलं नाही. एकदा फाटकापर्यंत गेलो तर रखवालदाराने विचारलं, कोणाबरोबर आलायस? ॲलेक्सला अकादमीत हे कोणी विचारलं नाही. म्हणून तो गेम मला भारी वाटतो. जा, उगाळतो आठवणी.

आणि पेसचं सांगू नकोस. तो वाढला कोलकात्यात, वडील १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकचे हॉकी पदकवाले. आमचे वडील खाणीवर ट्रकांचा हिशोब लिहायचे.

डबल फॉल्ट:
झालं, आता खाणी आल्या. क्लबवाल्यांना शिव्या घालणं सोपं आहे. कोर्ट राखायला काय लागतं ठाऊक आहे? जून ते सप्टेंबर पाणी, शेवाळ, नेट कुजतं. सगळ्यांना फुकट सोडलं तर महिन्याभरात तिथे क्रिकेट सुरू होईल.

तिस्कवाला:
फुकट कोणी मागितलं? विचारायला तरी आत घ्या.

फोंड्याची रेवा:
डबल फॉल्ट, तुमचं शेवाळ खरं, पण माणसांवर घासू नका. मला क्लबात घेतलं होतं, बाबा वर्गणी भरू शकत होते. सहा वाजले की कोर्टं 'मोठ्यांची', आम्हा मुलींनी बाजूला व्हायचं. फोरहँड मी घरी बाल्कांवात बसून शिकले असं म्हणणार नाही, पण कोर्टाचे कोन मला गेमबॉयने दाखवले. वरून अख्खं कोर्ट दिसतं ना. आखूड स्लाइस टाकून समोरच्याला जाळीपाशी ओढायचं आणि डोक्यावरून लॉब, हे मी आधी ॲलेक्सच्या वर्गमित्रांवर केलं, मग क्लबातल्या एका काकांवर. काका आठवडाभर बोलले नाहीत.

डबल फॉल्ट:
कोन दिसतात, ठीक. तेवढं मान्य. मनगट येत नाही ते नाहीच.

मळ्यातला:
कोनच बघायचे तर ओपनमध्ये मशीन उभं धर. कॅमेरा खेळाडूच्या पाठीमागे उतरतो, मशीन फिरवून नेम धरायचा. खऱ्या कोर्टासारखं.

तिस्कवाला:
आणि तेव्हा खेळाडू स्वतःच धावतो, हे गिळलंस. टेनिसमधून पाय काढले तर उरलं काय, कॅरम? वर मशीन हलवलं की थ्रीडी फुटून दोन-दोन मारिओ दिसतात. लाइट गेलेल्या रात्री गेमबॉयवर मी मेणबत्तीपाशी अख्खी फायनल काढलीये.

मळ्यातला:
हो, कारण गेमबॉय कलरच्या पडद्यामागे दिवाच नव्हता. मेणबत्ती पेटवून 'माझं मशीन भारी' म्हणणारा तूच. मोठा उजेड पाडलास!

बोंडू ज्या ओपनसाठी रडतोय त्यात जगभरच्या लोकांशी खेळता यायचं. तुझी अकादमी एकदा संपली की संपली.

तिस्कवाला:
यायचं. एप्रिल २०२४मध्ये थ्रीडीएसचं ऑनलाइन बंद झालं. माझी अकादमी आजही दोन पेन्सिल सेलवर उघडते.

मळ्यातला:
...बरं बाबा. सेल जिंकले.

फोंड्याची रेवा:
मुद्द्याचं कोणीच बोलत नाही. अकादमी काढून टाकली ही कॅमेलॉटची चूकच. शायनिंग फोर्स, गोल्डन सन हे गेम करणारी मंडळी ती, पात्राला हळूहळू मोठं करणं त्यांच्या हातचं काम. तेच टाकून टोप्या विकत बसले. पण तिस्कवाले, चान्स शॉट बालवाडी नाही. माणसासमोर खेळून बघा, एकट्याने कप जिंकत बसू नका.

तिस्कवाला:
माणूस कुठून आणू? ओपन आहे ते मळ्यातल्याकडे आणि बोंडूकडे. बोंडूचं कुलपात.

बाल्कांवातला बोंडू:
कुलूप काढणारा कोणी म्हापशात आहे का, हे मी केव्हापासून विचारणार होतो.

मळ्यातला:
तिस्कवाल्या, पणजीत ये रविवारी. दुसरं मशीन भाचीचं आहे, जवळजवळ बसून अजून खेळता येतं. हरलास तर इथे येऊन लिहायचं.

तिस्कवाला:
येतो. पण ते एक्स बटण, जे दाबलं की शॉट मशीनच ठरवतं, त्याला दोघांनी हात लावायचा नाही.

मळ्यातला:
भाचीला सांग ते. ती तेवढंच दाबते आणि मला हरवते.