खांडसचा फेरा: शिडी घाटाने चढून गणेश घाटाने उतरायचं, पण जुलैत की नोव्हेंबरात?

रानमेथी
जुलैतल्या एका रविवारी खांडसहून (कर्जत तालुका) एका दिवसाचा फेरा ठरवतेय. भीमाशंकरच्या देवळापर्यंत जायचं नाहीये. शिडी घाटाने चढायचं, पदरवाडीच्या सपाटीवर डबे खायचे आणि गणेश घाटाने उतरून पुन्हा खांडस गाठायचं. आम्ही सहा जण. त्यात माझा अकरा वर्षांचा भाचा आणि बासष्ट वर्षांचे बाबा. बाबांनी तरुणपणी सह्याद्री पुष्कळ तुडवलाय, भाचा फक्त कर्नाळा चढलाय. बाबा म्हणतात पावसातच जायचं. वहिनी म्हणते, शिड्या असतील तर पोराला पाठवणार नाही. जाऊन आलेल्यांनी स्पष्ट लिहा.

कातळकडा
ताई, बेत छान आहे, महिना चुकलाय.

शिड्यांची भीती सगळ्यांना वाटते, पण शिडी लोखंडाची आहे, हाताला काहीतरी लागतं. खरा प्रश्न शिडी संपते तिथे सुरू होतो. शिडी सोडून कातळावर हात टेकवायचा आणि पुढची खोबण चाचपायची. जुलैत त्या खोबणीतूनही पाणी वाहत असतं. एकदा माझ्या पुढचा मुलगा नेमका तिथेच अडकला. गुडघे लटलटायला लागले, पाय वर उचलेना, खालीही उतरवेना. त्याच्या खाली शिडीवर आम्ही तिघं, वरून पाण्याची धार, बोटं बधिर. शेवटी आमच्या वाटाड्याने वरून दोर सोडला आणि "पायाकडे बघू नको, माझ्याकडे बघ" म्हणत त्याला वर घेतलं. वीस मिनिटं गेली असतील. तो मुलगा एकवीस वर्षांचा होता.

त्यात रविवार. त्याच शिडीने चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात आणि भिजत, एका जागी उभं राहावं लागतं. लहान मुलं चालून दमत नाहीत, अशी उभी राहून गारठतात.

नोव्हेंबरात जा. कातळ कोरडा असतो, फेरा हाच ठेवा.

ओलीवाट
असहमत, आणि मनापासून असहमत.

नोव्हेंबरात ओढ्यांचं पाणी ओसरलेलं असतं, अकरानंतर सपाटीवर ऊन भाजून काढतं आणि प्रत्येकाच्या पाठीवर तीन लिटर पाण्याचं ओझं. जुलैत त्याच पदरावर (डोंगराच्या मधल्या सपाटीवर) ढग खाली उतरतो, समोरचा पदरगड दिसेनासा होतो आणि क्षणात पुन्हा उघडतो. पोराला सह्याद्री दाखवायचा तर हा दाखवा.

मी माझ्या बारा वर्षांच्या लेकीला पावसातच नेलं होतं. बुधवारी गेलो, शिड्यांवर आमच्याशिवाय कोणी नव्हतं. बरोबर दोर होता, पुढे एक जाणता आणि मागे एक. कातळकडा यांनी लिहिलेली अडचण गर्दीची आणि तयारीची आहे. पावसाला का दोष द्यायचा?

कातळकडा
उन्हाचं म्हणणं मान्य. म्हणून सहाला चालायला लागायचं. दिवसही लहान असतो, तेव्हा दोनच्या ठोक्याला सपाटी सोडायचीच.

पण दोर कोणी बांधायचा? ताईंच्या सहा जणांत दोर हाताळणारा कोणी आहे का? दोर पिशवीत असून उपयोग नाही. बुधवारी पोराची शाळा, मोठ्यांची ऑफिसं. त्यांनी रविवार लिहिलाय, मी रविवारचंच उत्तर देतोय.

कशेळेकर
मी याच पट्ट्यातला. दोघांचंही थोडं थोडं पटत नाही.

पावसात जायचंच असेल तर गणेश घाटानेच चढा आणि त्यानेच उतरा. वाट लांबची आहे, पण मळलेली, शिडी एकही नाही, वाटेत गणपतीचं देऊळ. फेरा पूर्ण झालाच पाहिजे हा हट्ट कशाला? आणि फेरा करायचाच तर शिडी घाट कायम चढायला ठेवा, उतरायला कधीच नको. उतरताना पायाला पुढची पायरी दिसत नाही.

वाटाड्या गावातूनच घ्या. मोबाइलवरचा ट्रॅक भरवशाचा समजू नका. पदरावर गुरांच्या वाटा इतक्या फुटतात की धुक्यात ट्रॅक आणि पाय दोन दिशांना जातात. दोन वेळा शोधायला गेलोय मी लोकांना, रात्री, बॅटरी घेऊन. पावसाळ्यात कधी कधी प्रशासनाचा बंदी आदेशही निघतो, तो पाहूनच घर सोडा.

आणि वर अभयारण्य आहे, १९८५ पासूनचं. स्पीकर आणू नका. आवाज नसेल तर शेकरू दिसतो. आधी फांदी हलते, मग ती लांब शेपटी.

ओलीवाट
वाटाड्याबद्दल शंभर टक्के सहमत. पण शिडी घाट पावसात मुलांना बंदच, हे मी मानणार नाही. जाणता माणूस आणि आडवार असेल तर जुलैतही होतो. रविवार असेल तर मात्र मीही नको म्हणेन.

रानमेथी
सगळ्यांचे आभार. कातळकडा यांचा प्रसंग वहिनीला वाचून दाखवला, बाबाही ऐकत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "दोर मला बांधता येतो, पण आता हाताची पकड तशी राहिली नाही."

जुलैत गणेश घाटाने जाऊन येऊन, बाबांसाठी. शिड्या नोव्हेंबरात, भाच्यासाठी. तो खट्टू झालाय, त्याला दोन्ही जुलैतच हवं होतं.

कशेळेकर दादा, वाटाड्याला आदल्या रात्री सांगावं लागतं की सकाळी गावात पोचल्यावर मिळतो? आणि पहाटे कर्जतहून खांडसला एसटी असते का, की सहाला चालायला लागायचं तर गाडीच करावी लागेल?