मदत हवी आहे: रस्टमध्ये पोरांचा पहिला पॅच कुठून सुरू करायचा?

मंडळी, आमच्या कॉलेज ग्रुपमधल्या पोरांना रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा बऱ्यापैकी लिहिता येते, आता भाषेलाच हातभार लावायचाय. पण बहुतेकांचे लॅपटॉप ८ जीबी रॅमचे, रस्टचा कंपायलर (कोडचा चालता प्रोग्राम बनवणारा) बिल्डला लावला की मशीन गपगार. एलएलव्हीएम (कंपायलरचा मशीन कोड बनवणारा भाग) आयतं डाउनलोड करायची सेटिंग चालू आहे, नुसतं 'एक्स डॉट पाय चेक' (पूर्ण बिल्ड न करता कोड तपासणारी कमांड) पण करून पाहिलं, तरी यूआय टेस्ट (कंपायलरचे एरर मेसेज वगैरे बरोबर येतात का बघणाऱ्या) चालवायच्या म्हटलं की स्टेज १, म्हणजे आपल्या बदलांसकटचा कंपायलर, बिल्ड करावाच लागतो. 'ई-ईझी' (सोपं काम) लेबलवाले इश्यू बघितले तर बऱ्याच ठिकाणी कुणीतरी रस्टबॉटला (इश्यू नावावर करून देणारा बॉट) सांगून आधीच क्लेम ठोकलेला, आणि त्यातले कित्येक नुसतेच पडून. क्लिपीला (रस्ट कोडमधल्या चुका दाखवणारं टूल) अख्खा कंपायलर बिल्ड करावा लागत नाही, पिन केलेल्या नाइटलीवर (रोज निघणाऱ्या आवृत्त्यांपैकी ठरवून दिलेली एक) भागतं, म्हणून तिकडे वळायचं चाललंय. स्पेलिंग सुधारणारे पीआर (बदल घ्या म्हणून पाठवलेल्या विनंत्या) नकोत हं, त्यात रिव्ह्यूवाल्यांचाच वेळ जातो आणि तेही बरेचसे फुकटच राबतायत. क्लाउडला पैसे नाहीत, आठवड्याची एक संध्याकाळ मिळते. तर ज्यांनी क्लिपीत काम केलंय त्यांनी सांगा, नवख्याने आधी फॉल्स पॉझिटिव्हचे (चूक नसताना इशारा देण्याचे) बग घ्यावेत की थेट नवीन लिंट (तपासणीचा नियम), आणि क्लेम करून गायब झालेल्याचा इश्यू आपल्याला हवा असेल तर तिथे कसं विचारायचं?