नव्या नोकरीत रुजू होताना आधीच ठरलेली सुट्टी : आपापले अनुभव लिहावेत

कोल्हापूर परिसरात नोकरी बदलणाऱ्या अनेकांना एक पेच हमखास पडतो. प्रवासाचे पैसे आधी भरून झालेले असतात आणि नेमणूकपत्र मागाहून हातात पडते. रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होऊ लागले, त्यामुळे रेल्वेपुरता हा पेच थोडा सैल झाला असला, तरी विमानाची तिकिटे, सहल कंपनीकडे भरलेले हप्ते आणि घरातील लग्नाची तिथी यांना त्याचा काहीच उपयोग नाही. अशा वेळी आपण रजेचा विषय केव्हा काढला, कोणाकडे काढला आणि पगारावर काय परिणाम झाला, हे सविस्तर लिहावे. कंपनीचे किंवा वरिष्ठांचे नाव मात्र लिहू नये, ही विनंती.

शिरोली एमआयडीसी, फाउंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना), देखभाल विभाग

आमचे सहकुटुंब तिरुपतीला जायचे ठरले होते. दर्शनाची ३०० रुपयांची तिकिटे काही महिने आधीच ऑनलाइन निघतात, ती घेतलेली होती आणि हरिप्रिया एक्स्प्रेसचे आरक्षणही झाले होते. दिवाळीत फाउंड्री बंदच असते, तेव्हा रजेची अडचण येणार नाही, असा घरच्यांचा हिशेब होता. देखभाल विभागात मात्र हा हिशेब नेमका उलटा असतो. इतर सर्व जण सुट्टीवर जातात तेव्हाच भट्टी थंड असते, जुने अस्तर फोडून नवे भरायचे ते तेव्हाच, आणि क्रेनची तपासणी व कूलिंग टॉवरची सफाईही त्याच दिवसांत उरकावी लागते. शेवटच्या मुलाखतीत प्लांट हेड साहेबांनी ‘कधी हजर होताय?’ असे विचारले, तेव्हाच मी तारखांचा कागद त्यांच्यासमोर ठेवला. ते काही वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘दुसरा कुठलाही आठवडा मागा, हा सोडून.’ अखेर असे ठरले की अस्तराचे काम लक्ष्मीपूजनाच्या आधी सुरू करायचे, ते भरून होईपर्यंत मी थांबायचे आणि भट्टी तापवण्याच्या दिवशी कामावर हजर व्हायचे. दर्शनाची तारीख बदलता येत नव्हती, म्हणून घरचे ठरल्या गाडीने पुढे गेले आणि मी मागाहून एसटीने, गाड्या बदलत बदलत, तिरुपती गाठले. नोकरीही टिकली आणि दर्शनही चुकले नाही; फक्त हरिप्रियाचे माझे एक तिकीट रद्द करावे लागले.

राजारामपुरी, घरून काम, पुण्याची सॉफ्टवेअर कंपनी

शिरोलीच्या दादांनी मुलाखतीतच विषय काढला, हे त्यांच्या कामाचे स्वरूप पाहता योग्यच होते. परंतु आमच्या क्षेत्रात मी ते करणार नाही. मुलाखतीत रजेचा शब्द निघाला की निवड करणाऱ्याच्या मनात नको ती शंका येते. ऑफर लेटर हातात आल्यावर आणि स्वीकृती कळवण्याआधी, अशा मधल्या काळात मी ईमेल लिहिला व रुजू होण्याची तारीखच प्रवासानंतरची मागून घेतली. तोटा इतकाच, की जुना पगार थांबल्यापासून नवा सुरू होईपर्यंत घराचा हप्ता साठवलेल्या पैशांतून भरावा लागला. माझ्यानंतर आलेल्या एका सहकाऱ्याने आधी हजर होऊन मग रजा घेतली. त्याची रजा शुक्रवारी सुरू होऊन सोमवारी संपत होती आणि कंपनीच्या सँडविच नियमानुसार मधले शनिवार-रविवारही बिनपगारी धरले गेले. हा नियम तुमच्या कंपनीत आहे की नाही, ते सहीआधी विचारून घ्यावे.

शाहूपुरी, खाजगी दवाखाना, स्टाफ नर्स

आमच्याकडे एचआरच्या होकारापेक्षा इन्चार्ज सिस्टरांचा होकार महत्त्वाचा असतो, कारण ड्युटीचा तक्ता त्या लावतात. माझ्या बहिणीचे लग्न होते. मी परतल्यावर सलग नाइट करीन, असे पहिल्याच आठवड्यात सांगितले आणि तसे केलेही.

ताराबाई पार्क, सेवा क्षेत्रातील कंपनी, मनुष्यबळ विभाग

टेबलाच्या पलीकडच्या बाजूचे चार शब्द लिहिते. दुकाने व आस्थापनांसाठीच्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत, परंतु त्या तिमाहीनुसार खात्यावर जमा होतात; अर्जित रजेसाठी वर्षात २४० दिवस काम व्हावे लागते आणि ती दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस या हिशेबाने मिळते. (कारखान्यांचे नियम वेगळे आहेत.) म्हणजे नव्या माणसाच्या खात्यावर पहिल्या तिमाहीत दोनच दिवस असतात आणि उरलेली रजा बहुधा बिनपगारी होते. त्यात मन दुखावण्यासारखे काही नाही. आम्हाला खटकते ते हजर झाल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात ‘तिकिटे आधीच काढली होती’ असे कळणे. आणखी एक गोष्ट तपासावी : कित्येक नेमणूकपत्रांत बिनपगारी रजेइतकाच परिवीक्षा काळ (प्रोबेशन) वाढतो, असे कलम असते.

करवीर तालुका, इंग्रजी माध्यमाची शाळा

मला तोंडी होकार मिळाला होता. जूनमध्ये मुख्याध्यापिका बदलल्या आणि नव्या बाईंनी ‘लेखी काही आहे का?’ असे विचारले. लेखी काहीच नव्हते. मी गेले नाही आणि विमानाचे पैसेही परत मिळाले नाहीत.

कागल, साखर कारखाना, लॅब केमिस्ट

आमच्याकडे प्रश्न सोपा आहे. गळीत हंगाम चालू असताना घरचे कार्य असले तरी रजा मिळणे कठीण, मग सहलीचे नावच नको. मी ऑक्टोबरात हजर होणार होतो आणि सहल डिसेंबरातली होती. चीफ केमिस्ट साहेबांनी स्पष्ट सांगितले, की बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी हवे तितके फिरून या, एकदा मोळी पडली (उसाचे गाळप सुरू झाले) की पट्टा पडेपर्यंत (हंगाम संपेपर्यंत) विषय काढू नका. सहल कंपनीने थोडी रक्कम कापून तारीख उन्हाळ्यातली करून दिली.

धागाकर्त्याकडून

अर्जाचा मजकूर कसा असावा, असे दोघांनी विचारले आहे. माझ्या मते तो इतकाच पुरे : ‘माझा अमुक ते अमुक तारखांचा प्रवास आपल्या नेमणूकपत्रापूर्वी निश्चित झाला आहे. ही रजा बिनपगारी धरण्यास माझी हरकत नाही. कृपया मंजुरी याच ईमेलच्या उत्तरात कळवावी.’ कारण सांगत बसण्याची गरज नाही. शाळेतील ताईंचा अनुभव पाहता, शेवटचे वाक्य गाळू नये.