प्रति: प्रयोग की थिअरी?
‘आपल्याकडे प्रयोगाला पैसाच नाही, म्हणून सगळे थिअरीकडे वळतात,’ असं वर एकांनी भौतिकशास्त्राबद्दल लिहिलंय. अर्धं पटलं.

पैसा लागतोच. पण कुलाब्याच्या टीआयएफआरमधलं (टाटा मूलभूत संशोधन संस्था) बिस्मथ या धातूवरचं काम बघा. शुद्ध बिस्मथचा स्फटिक थंड करत करत नेला आणि ०.५३ मिलिकेल्विनला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी उंबरठ्यावर, तो अतिसंवाहक झाला, म्हणजे त्यातून वीज कुठल्याही विरोधाविना वाहू लागली. निष्कर्ष २०१६च्या अखेरीस ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत आला. गंमत अशी, की बिस्मथमध्ये लाखभर अणूंमागे साधारण एकच मोकळा इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात म्हणून अतिसंवाहकता येते, असं सांगणाऱ्या नेहमीच्या बीसीएस सिद्धांतात इतक्या थोड्या इलेक्ट्रॉनांचं हे प्रकरण बसवणं अवघड. थोडक्यात, थिअरीवाल्यांना काम प्रयोगानंच लावून दिलं!

बाकी मुंबईत प्रयोगाचा खरा वैरी दमट हवा. एमएस्सीला असताना पावसाळ्यात आमच्या लॅबमधल्या लेन्सवर बुरशी धरायची. कपाटात ओल शोषायला ठेवलेलं निळं सिलिका जेल आठवड्याभरात ओलाव्यानं गुलाबी पडायचं. मग लॅबमधले काका ते चक्क कढईत भाजून पुन्हा निळं करून आणायचे. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये ही पायरी कधी लिहिली नाही, पण त्याशिवाय एक रीडिंग धड मिळालं नसतं.