कळा सुसह्य करायला नेमकं काय काय मिळू शकतं? (पहिलटकरीण, ३३ वा आठवडा)

कृष्णाकाठ

नमस्कार. बाळंतपणाला माहेरी आले आहे, सांगली जिल्ह्यात. नाव नोंदवलंय ते छोटं, खाजगी हॉस्पिटल आहे. गेल्या तपासणीला मी धीर करून विचारलं, "मॅडम, कळांसाठी काही देता का?" त्या फाईलमध्ये लिहिता लिहिता म्हणाल्या, "बघू तेव्हाचं तेव्हा."

बाहेर आल्यावर आई रागावली, असं कुणी विचारतं का म्हणून. आणि त्याच रात्री माझ्या पायांना तेल लावताना तिने स्वतःचं सांगितलं. माझ्या वेळी ती २० तास कळा देत होती. आजीला आत येऊ दिलं नव्हतं. ओरडली म्हणून कुणीतरी तिच्या मांडीवर चापट मारली होती. २९ वर्षांत हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर तिने तेलाच्या वाटीवर झाकण ठेवलं आणि उठून गेली.

तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. जाऊबाई म्हणतात, पाठीत इंजेक्शन घेतलं की जन्मभर कंबर धरते. नणंद म्हणते, त्याने सिझर होतंच. खरं काय? आणि पाठीतलं इंजेक्शन सोडून दुसरं काही असतं का? ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

भूलवाली

मी भूलतज्ज्ञ आहे. माझं निम्मं काम लेबर रूममध्येच चालतं. आधी तुझ्या दोन्ही शंका घेते.

कंबरदुखीचं: एपिड्युरलमुळे (म्हणजे तेच पाठीतलं इंजेक्शन) कायमची कंबर धरते असं अभ्यासांत आढळलेलं नाही. सुई टोचल्याची जागा काही दिवस हुळहुळते, तेवढंच. बाळंतपणानंतर कंबर दुखते ती खूप जणींची, एपिड्युरल घेतलेल्यांची आणि न घेतलेल्यांचीही. नऊ महिने ओझं वाहिलेलं असतं आणि नंतर वाकून वाकून बाळाला पाजायचं असतं, त्याचा तो ताण.

सिझरचं: एपिड्युरलमुळे सिझरचं प्रमाण वाढत नाही. जोर द्यायचा टप्पा थोडा लांबू शकतो, हे मात्र खरं.

आता ते देतात कसं ते सांगते, कारण भीती सगळी तिथेच असते. तुला कुशीवर झोपवतात किंवा बसवून उशी कवटाळायला देतात. पाठ मांजरीसारखी गोल करायची. कमरेच्या खालच्या भागात आधी कातडी बधिर करतात. मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. मग दोन मणक्यांच्या मधून सुई घालून, तिच्यातून केसासारखी बारीक नळी आत सरकवतात आणि सुई काढून घेतात. पाठीत सुई राहत नाही, हे बहुतेक जणींना ठाऊकच नसतं. नळीतून बधिरतेचं सौम्य औषध, बहुधा फेंटानिल या वेदनाशामकाच्या थोड्या मात्रेबरोबर, लागेल तसं देत राहतात. १५-२० मिनिटांत कळांची धार बोथट होते. पोट घट्ट होतंय हे कळतं, पण ते सोसवतं. सुई घालताना कळ आली तर फक्त "थांबा" म्हण, आम्ही थांबतो.

दुसरी बाजूही ऐक. बीपी उतरू शकतं, म्हणून सलाईन लावलेलं असतं आणि सुरुवातीला दर पाच मिनिटांनी बीपी बघतात. अंगाला खाज सुटते, हुडहुडी भरते, लघवीची जाणीव कमी होते. साधारण १०० मध्ये एकीला नंतर डोकं जबर दुखतं, उठून बसलं की जास्त. त्यावर इलाज आहे. काही जणींना हवा तसा आराम पडत नाही, मग नळी सरकवावी लागते किंवा पुन्हा घालावी लागते. प्लेटलेट फार कमी असतील किंवा रक्त पातळ करण्याची औषधं चालू असतील तर देता येत नाही.

पण तुझ्यासाठी कळीचा प्रश्न वेगळाच आहे: तिथे रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ असतो का? एपिड्युरल देऊन निघून जायचं नसतं, लक्ष ठेवायला माणूस लागतं. छोट्या ठिकाणी हेच जमत नाही, आणि "बघू" या उत्तरामागे बरेचदा हे असतं. ते आत्ताच, स्पष्ट विचार. खर्चही विचार. जमत असेल तर भूलतज्ज्ञांना एकदा आधी भेटून ये.

एपिड्युरल नसेल तर ट्रामाडॉल किंवा पेथिडीनसारखी इंजेक्शनं असतात. त्यांनी कळ जात नाही, जरा गुंगी येऊन तिची टोच कमी होते. मळमळतं. बाळ जन्मायच्या आधीच्या काही तासांत पेथिडीन दिलं तर बाळ सुस्त होऊ शकतं, श्वास मंदावू शकतो, म्हणून वेळ बघून देतात.

परदेशी_पाखरू

मी इंग्लंडमध्ये बाळंत झाले. इथे बहुतेक लेबर रूममध्ये 'गॅस अँड एअर' असतो, म्हणजे निम्मा नायट्रस ऑक्साइड, निम्मा ऑक्सिजन. नळीचं तोंड आपल्याच हातात असतं. माझी चूक सांगते: मी कळ ऐन भरात आल्यावर ओढायची, आणि असर व्हायचा कळ ओसरल्यावर. मिडवाइफने माझ्या पोटावर हात ठेवला. पोट कडक व्हायला लागलं की ती म्हणायची, "आता." मग जमलं. डोकं हलकं व्हायचं, ओठांना मुंग्या यायच्या, आणि नळी सोडली की दोन-तीन मिनिटांत सगळं उतरायचं. दुखणं पूर्ण थांबत नाही, पण माझ्या हातात काहीतरी होतं. भारतातही काही हॉस्पिटलांत हा गॅस मिळतो, विचारून बघ.

सिस्टरमावशी

बाळा, मी सरकारी रुग्णालयात २४ वर्षं बाळंतपणं केली. तुझ्या आईचं वाचून पोटात तुटलं. बाईवर हात उगारणं हा गुन्हाच मानते मी. मी ते पाहिलेलं आहे, आणि सुरुवातीच्या वर्षांत मी गप्पही राहिले, याचं आजही वाईट वाटतं.

औषधाशिवाय जे होतं ते सांगते. उताणी पडून राहू नकोस. डॉक्टरांनी मना केलं नसेल तर चाल, उभ्याने पलंगाला धरून झुल, कुशीवर पड. कळ कमरेत असेल तर कुणालातरी माकडहाडाच्या वर तळव्याची टाच रोवून दाबायला सांग, कळ ओसरेपर्यंत. नुसतं चोळून भागत नाही, दाबायचं. गरम पाण्याच्या पिशवीने कंबर शेक, फडक्यात गुंडाळून.

आणि आपलं माणूस जवळ हवं. २०१७ पासून सरकारच्या 'लक्ष्य' कार्यक्रमात प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला सांगितलेलं आहे. खाजगीतही मागून घे. एकटी बाई घाबरते, अंग आवळते, कळ जास्त लागते. मी रोज बघितलंय.

कृष्णाकाठ

तिघींनाही मनापासून धन्यवाद. आज पुन्हा जाऊन आले. कागदावर प्रश्न लिहूनच नेले होते. मॅडमनी या वेळी पेन खाली ठेवलं. भूलतज्ज्ञ मिरजेहून येतात, दिवसा नक्की, रात्री कळवल्यावर तासाभरात. पुढच्या गुरुवारी त्यांची भेट ठरली आहे. गॅस नाही. सोबत एक बाई चालेल.

मावशी, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग माझ्यामागे येऊन बसली आणि म्हणाली, "कुठे दाबायचं म्हणालीस? दाखव."