200 ची ब्रेव्हे महामार्गावरच? म्हणे सुरक्षित!

तिरपी_साईडपट्टी (धागाकर्ता)

काल आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर ब्रेव्हेबद्दल (ठरल्या मुदतीत संपवायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, इथं 200 किलोमीटरची) एकानं लिहिलं: "खान्देशातली 200 ची ब्रेव्हे जळगाव-एरंडोल-पारोळा-धुळे आणि परत, अशीच ठेवा. चौपदरी रस्ता, रुंद कडा, जागोजाग हॉटेलं. यावल-चोपड्याकडं वळलं की काटे, गतिरोधक आणि कुत्री. हौस असेल त्यांनी रविवारी जावं." खाली धडाधड अंगठे. तिथं चार ओळींत उत्तर मावेना, म्हणून इथं.

चौपदरी म्हणजे सुरक्षित, हे ठरवलं कुणी? आपला हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि कापसाचाही तोच. जिनिंगकडं निघालेली ट्रॉली दोन्ही बाजूंनी हातभर फुगलेली असते. मागं दिवा नाही, लाल फडकं बांधलेलं दिसलं तर नशीब. ती चालते डाव्या कडेनं, म्हणजे तुमच्याच पट्ट्यातून. त्यात दुभाजकातली फट लांब असली की फाट्यावरच्या मोटारसायकली सरळ उलट्या येतात, त्याही साईडपट्टीवरूनच. त्यांना वाट द्यायला तुम्ही उजवीकडं सरकता, तेव्हा मागं कंटेनर असतो.

आता वेळेचं बघा. सकाळी 6 ला सुटलं तर मुदतीचे साडेतेरा तास संध्याकाळी साडेसातला संपतात. जानेवारीत सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. म्हणजे शेवटचा दीड तास, पाय गळालेले असताना, पाळधी ते जळगाव या सगळ्यात गजबजलेल्या तुकड्यात अंधारात.

माझा मार्ग असा: जळगाव, भुसावळ, यावल, किनगाव, अडावद, चोपडा, तिथून शिरपूरच्या दिशेला जाऊन अंतर भरेल तिथं वळायचं. डोंगर उजव्या हाताला, केळीच्या बागा दोन्हीकडं, वाहनांचा वेग निम्मा.

पारोळा_एक्स्प्रेस

ग्रुपवरचा तो 'एकानं' म्हणजे मी. नाव घेऊन बोला की भो.

हिशेब मांडतो. 200 ला साडेतेरा तास म्हणजे सरासरी ताशी 14.8 किलोमीटर. नवखा माणूस चहा, जेवण, कंट्रोलवरचा (वाटेतल्या तपासणी नाक्यावरचा) शिक्का, पंक्चर यांत तीन तास सहज घालवतो. उरले साडेदहा, म्हणजे चालतं असताना ताशी 19 लागतो. महामार्गावर तो सहज निघतो. यावलच्या पुढं प्रत्येक गावाला येता-जाता गतिरोधक, निम्म्यांवर पांढरा पट्टा नाही, आणि 19 चा 16 कधी झाला ते कळतही नाही. सावद्या-यावलच्या बाजूला केळीचा माल भरला की सोपट (केळीच्या खोडाची सालं) रस्त्यावर पडतं. ओलं सोपट आणि 25 मिलिमीटरचा टायर, पुढचं सांगायला नको.

आणि सराटे. एक पंक्चर म्हणजे सरावलेल्या हाताला वीस मिनिटं. सराटा एकटा येत नाही, चार घेऊन येतो. पहिल्या 200 ला उतरलेल्याला आधी ती पूर्ण तर करू द्या. निसर्ग नंतर.

वेडी_बाभूळ

सराटे काय फक्त यावलला उगवतात? पावसाळ्यानंतर वाळून ऐन हंगामात कडेला पसरतात, आणि उघडी मुरमाड कड महामार्गालाही आहे. त्याचे काटे असे बेतलेले असतात की कसाही पडला तरी एक टोक वर. वर महामार्गाची खास देणगी निराळीच: ट्रकचा रिट्रेड (वरून नवं रबर चढवलेला) टायर फुटला की त्यातली केसाएवढी तार साईडपट्टीवर विखुरते. सेंटीमीटरभर तार टायरात शिरते, बाहेरून दिसत नाही, बोटाला लागत नाही. नवी ट्यूब टाकली की दहा किलोमीटरवर पुन्हा फुस्स. तुमच्या 'सुरक्षित' रस्त्यावर निम्मी पंक्चरं या तारेची.

उपाय एकच, ट्यूबलेस. 32 मिलिमीटरचा टायर, आत 45 मिली सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव), विषय संपला. काटा दिसला तरी उपटू नका, तोच बूच असतो.

वालट्यूब

विषय संपला म्हणे! खान्देशात राहता की कोकणात?

लॅटेक्सचं सीलंट म्हणजे पाण्यात रबराचे कण. पाणी उडालं की आत उरतो तो पापुद्रा. इथं मार्चपासूनच पत्र्याच्या शेडमध्ये सायकल भाजते. डिसेंबरात भरलेलं सीलंट फेब्रुवारीत चालेल, एप्रिलमध्ये आत रबरी बिबडा मिळेल, तळायला तयार.

आणि रस्त्यात टायरची कड रिमवरून सुटली तर? ती परत बसवायला एकदम भरपूर हवा लागते, हातपंपानं बसत नाही. हवा भरायचं सीओटूचं नळकांडं मारलं तर काही सीलंट जागेवर गोठतात. ट्रॅक्टरचे टायर काढणाऱ्या दुकानात कॉम्प्रेसर असतो, पण त्याचं तोंड गाडीच्या जाड व्हॉल्व्हचं, तुमचा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह त्यात हलतो. किनगावात उभं राहून मग काय करायचं?

ट्यूब बरी. दोन सुट्या ट्यूब, सहा ठिगळं, ताजं सोल्युशन.

वेडी_बाभूळ

अर्धवट माहितीवर एवढा जोर? 'विषय संपला' याचा अर्थ भरून विसरा असा होत नाही. हिवाळ्यात दोन महिन्यांनी, मार्चनंतर तीन आठवड्यांनी तपासायचं. व्हॉल्व्ह घड्याळातल्या चारच्या जागी आणा, हवा सोडा, व्हॉल्व्हच्या आतला कोर काढा, केबल बांधायची प्लॅस्टिकची पट्टी आत घाला. टोक ओलं आलं तर आहे, कोरडं आलं तर त्याच भोकातून 30 मिली ओता. बाटली आधी मिनिटभर हलवा, कण तळाशी बसतात. न हलवता ओतलं की नुसतं पाणी जातं आणि मग लोक 'सीलंट चालत नाही' म्हणत फिरतात.

टायरची कड सुटते ती हवा फार कमी ठेवली तर. 75 किलोच्या माणसानं 32 च्या टायरात 55 पीएसआय ठेवलं तर सुटायचं कारण नाही. बाभळीचा मोठा काटा आरपार गेला तर भोकात रबरी प्लग, दोन मिनिटं. आणि सगळंच फसलं तर आत ट्यूब टाकता येतेच की. फक्त आधी आतून हात फिरवून रुतलेले काटे काढा, ते पंचवीसभर निघतील.

वालट्यूब

म्हणजे शेवटी ट्यूबच! धन्यवाद, हेच म्हणत होतो.

वेडी_बाभूळ

ट्यूबचा एवढा पुळका कशासाठी? दुकान आहे का तुमचं?

अठ्ठावीस_दीड

तुमचं सीलंट, प्लग, सीओटू चालू द्या. या रस्त्यांवर रोज सायकल चालवणारा केळीच्या बागेत कामाला जाणारा मजूर आहे. 28 दीड इंची टायर, साध्या सायकलचा वूड्स व्हॉल्व्ह. हवा जाऊ लागली तर आधी वालट्यूब बदलतात, रबराची ती इवली नळी उन्हानं चिरते आणि लोक उगाच पंक्चर शोधत बसतात. त्याच्यासाठी कुणी मार्गाची चर्चा करत नाही. गतिरोधक तुमची सरासरी पाडतात म्हणून वाईट, शाळेसमोर आहेत हे कुणी बोललं नाही. ब्रेव्हेच्या नियमात माणसाच्या बळावर चालणारं कुठलंही वाहन चालतं, काळी देशी सायकलही. पण ती घेऊन आलेल्याकडं बघणाऱ्यांच्या नजरा नियमात नाहीत.

पारोळा_एक्स्प्रेस

गतिरोधक काढा असं कुणी म्हटलं? रंगवा, एवढंच. विषय मार्गाचा आहे.

अठ्ठावीस_दीड

विषय मार्गाचा होता. गेले पाच प्रतिसाद सीलंट वाहतंय.

सावदा_स्टेशन

अगदी. आणि गतिरोधक-पंक्चरांबद्दल बोलायचंच तर नीट बोला. ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर तो काटा नसतो, कमी हवेवर गतिरोधक किंवा डांबराची कड जोरात घेतलेली असते. एकच भोक, टायरच्या बाजूला, तर काटा किंवा तार. एकच पण रिमच्या बाजूला, तर रिम टेप (रिमवरची आतली पट्टी) सरकलीय, कितीही ट्यूबा बदला, फुटणारच. या तिन्हींचं खापर यावल रस्त्यावर फोडलं जातंय.

तार शोधायला बोट नको, कापूस घ्या. चिमूटभर बोंडातला मोकळा कापूस टायरच्या आतून दाबून फिरवायचा, टोक असेल तिथं तंतू अडकतो. मग आतूनच चिमट्यानं ओढायची. करदोड्याला काटा काढायचा चिमटा अडकवणारे म्हातारे होते ना, तसला चपटा चिमटा. पक्कड तिथं पुरत नाही.

खाण्याचं: तासाला 40 ते 60 ग्रॅम कर्बोदकं लागतात, म्हणजे दोन मध्यम केळी. यावल-चोपडा रस्त्यावर केळी मिळणार नाहीत असा दावा अजून कुणी केला नाही, उपकार. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण लिटरलाच. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ती ओतणारे पुढच्या कंट्रोलवर पोट धरून बसलेले असतात. आणि शेवभाजी अर्ध्या वाटेवर नको, तर्री चढावर वर येते.

वाऱ्याचं गाऱ्हाणं आणू नका, दोन्ही मार्ग पूर्व-पश्चिमच आहेत.

तिरपी_साईडपट्टी

सावदा_स्टेशन ताईंनी धागा रुळावर आणला. आता एक कबूल करतो, आनंदानं नाही. उजेड नसताना न रंगवलेला गतिरोधक हा ट्रॉलीइतकाच वाईट. समोरचा दिवा हँडलवरून उंच मारला तर उंचवट्याची सावलीच पडत नाही. दिवा खाली, फोर्कजवळ लावला तर सावली लांब पडते आणि तो आधी दिसतो. मागचा दिवा लुकलुकता नको, स्थिर ठेवा. लुकलुकत्या दिव्यावरून मागच्या ड्रायव्हरला अंतर कळत नाही.

म्हणून असं: सुटायचं पहाटे 5 ला. अंधारातला जळगाव-भुसावळ तुकडा महामार्गावर. त्या वेळी ट्रॉल्या आणि उलटे येणारे कमी. उजाडता उजाडता यावल रस्ता. परतताना चोपड्याहून धानोरा, विदगावच्या पुलावरून तापी ओलांडून जळगाव. मुदत साडेसहाला संपते, अंधार अर्धाच तास.

पारोळा_एक्स्प्रेस

म्हणजे पहाटेचा भाग माझा, श्रेय तुमचं. बरोबर शे.

चालेल, पण तीन अटी. चोपड्याच्या पुढचं वळण कंट्रोलच्या दारातच हवं, रस्त्याच्या मधोमध 'इथून वळा' नको. मार्गपत्रिकेत फाट्यांची नावं मराठीत लिहा, तिथं पाटी मराठीत आहे आणि कागदावर इंग्रजी, मग माणूस चुकतो. आणि सगळे गतिरोधक आदल्या रविवारी चुन्यानं आखायला किमान चार माणसं पाहिजेत. धागाकर्ते पहिले.

तिरपी_साईडपट्टी

येतो. चुना तुम्ही आणा, महामार्गावरच्या हॉटेलांत भरपूर मिळत असेल.

वालट्यूब

मार्ग ठरला, छान. आता ट्यूबवाल्यांसाठी, कारण सोल्युशन कुणी नीट लावत नाही. पॉलिश पेपरनं ठिगळापेक्षा मोठी जागा घासा, ट्यूबच्या जोडाची उभी रेघ आड आली तर ती सपाट करा. सोल्युशन पातळ लावून पाच मिनिटं थांबा. चमक जाऊन मॅट दिसलं की ठिगळ, मधून कडेकडे दाबत. ओल्यावर चिकटवलं की उन्हात सुटतं. सोल्युशनची नळी एकदा फोडली की महिनाभरात आतल्या आत वाळते, दर ब्रेव्हेला नवी.

वेडी_बाभूळ

महिनाभरात वाळते? सीलंट तर दोन महिने टिकतं.

वालट्यूब

नळी दहा रुपयांना येते, भो.

वेडी_बाभूळ

हे मात्र मान्य. एक उरलं, दोन्ही पंथांसाठी: प्रेस्टाला बसणारा पितळी अडॅप्टर पिशवीत टाका, म्हणजे गावातला पंप आणि कॉम्प्रेसर दोन्ही चालतात. लावण्याआधी व्हॉल्व्हच्या टोकाची छोटी चकती सैल करायची, नाहीतर हवा आतच जात नाही आणि दुकानदार पंपाला शिव्या देतो. प्लॅस्टिकचा घेऊ नका, आटे पहिल्याच खेपेला जातात.

वालट्यूब

दोन ठेवा. एक पडतोच.