तंबाखू खातो, पण एजंट म्हणतोय फॉर्मवर "नाही" लिहा. टर्म पॉलिसीचं काय करू?

निपाणी_शिवार:
नमस्कार मंडळी, निपाणीजवळच्या खेड्यातनं लिहितोय. वय 36, घरची उसाची शेती आणि जोडीला ट्रॅक्टरच्या स्पेअरपार्टचं लहान दुकान. बायको, दोन पोरं, आई, सगळी माझ्यावर. म्हणून 50 लाखाची टर्म पॉलिसी (ठरलेल्या मुदतीत मी गेलो तर घरच्यांना पैसे, असला विमा) काढायची ठरवली आणि एजंटला घरी बोलावलं. माणूस ओळखीतला आहे, पण फॉर्म त्यानं स्वतःच भरून आणला, सगळा इंग्लिशमध्ये, आणि सहीच्या जागी पेन्सिलनं फुल्या मारून ठेवलेल्या. मी म्हटलं ठेवून जावा, उद्या देतो. रात्री पुतणीला जवळ बसवून एकेक प्रश्न वाचून घेतला तर तंबाखू नाही, बीपी नाही, वडलांना शुगर होती तिथंही नाही, सगळीकडं "नो" वर टिक. मी दिवसातनं चार-पाच वेळा तंबाखू मळतो आणि बीपीची गोळी रोज चालू आहे, डॉक्टरची चिठ्ठी फ्रीजवरच पडलेली असते.

फोन केला तर म्हणतोय, अहो सगळे असंच लिहितात, खरं लिहिलं तर हप्ता वाढतोय नाहीतर पॉलिसीच मिळत नाही, आणि एकदा 3 वर्षं गेली की कंपनीला काय विचारता येत नाही. वर पहिला हप्ता मी माझ्या कमिशनमधनं भरतो म्हणालाय. मला हे पटंना. पण हप्ता कोण ठरवतंय, कशावरनं ठरवतंय, खरं लिहिलं तर किती वाढतोय हेच मला माहीत नाही, त्यामुळं त्याला उत्तर तरी काय देऊ? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा. आणखी एक, मी सही मराठीत करतो आणि फॉर्म इंग्लिश, चालतंय का?

टिळकवाडी_काका:
सही न करता फॉर्म ठेवून घेतला हे फार बरं केलं. मी विमा कंपनीच्या शाखेत न्यू बिझनेसच्या, म्हणजे नव्या पॉलिसींच्या टेबलावर होतो, आता रिटायर आहे, तेव्हा आत काय होतं ते सांगतो.

तुम्ही देता तो फॉर्म म्हणजे प्रपोजल. ते मंजूर करणाऱ्यानं तुम्हाला कधी बघितलेलं नसतं. त्याच्यापुढं फक्त कागद येतात, तुमचा फॉर्म, वयाचा दाखला, उत्पन्नाचा पुरावा, मेडिकल रिपोर्ट आणि एजंटचा गोपनीय रिपोर्ट, होय, एजंटलाही तुमच्याबद्दल वेगळं लिहून द्यावं लागतं. हे वाचून तो मंजूर करणारा, त्याला अंडररायटर म्हणतात, एकच गोष्ट काढतो, की त्याच वयाच्या साधारण निरोगी माणसापेक्षा ह्या माणसाचा धोका किती जास्त. पायाला असतो मृत्यूदराचा तक्ता, म्हणजे कुठल्या वयाला हजारातली किती माणसं वर्षात जातात त्याचा हिशोब. आपल्याकडं 2012-14 चा भारतीय तक्ता धरतात. त्यावर कंपनीचा खर्च, कमिशन आणि जोखमीसाठी थोडी शिल्लक घातली की हप्ता तयार होतो. म्हणून वय वाढलं की हप्ता वाढतो आणि त्याच वयाच्या बायकांना तो कमी बसतो.

आता तुमचं. बीपी, शुगर, वजन-उंचीचं प्रमाण, आईवडलांचे आजार, ह्या एकेकाला जादा टक्के लावून बेरीज करतात. बेरीज एका मर्यादेच्या आत राहिली तर नेहमीचाच हप्ता, वर गेली तर एक्स्ट्रा प्रीमियम, फारच वर गेली तर प्रपोजल पुढं ढकलतात किंवा नाकारतात. रोज गोळी घेऊन बीपी आटोक्यात ठेवणारा माणूस बऱ्याचदा थोड्या जादा हप्त्यात बसतो, कधी कधी जादाही लागत नाही. उलट गोळी न घेणारा आणि मेडिकलला 170 बीपी निघणारा जास्त अडकतो. तेव्हा फ्रीजवरची ती चिठ्ठी लपवायची वस्तू नव्हे, ती फॉर्मला जोडा, औषध नीट चालू आहे ह्याचा तोच पुरावा.

तंबाखूचं मात्र सरळ आहे. टर्ममध्ये खाणाऱ्याचा रेटच वेगळा असतो आणि तो चांगलाच चढा असतो, एजंट त्याबाबतीत खोटं बोलालाय असं नाही. मळून खाल्लेली, गुटखा, मावा, मशेरी, विडी, सगळं त्यातच धरतात. लघवीच्या तपासणीत कोटिनिन, म्हणजे तंबाखूतल्या निकोटिनचा अंश, कळतं. चार दिवस तंबाखू बंद ठेवून तपासणीला जाणारे मी बघितलेत, पण फॉर्म तपासणीच्या दिवसाचं विचारत नाही, मागच्या काळाचं विचारतो. आणि आपल्या निपाणीकडच्यांसाठी मुद्दाम सांगतो, वखारीत कामाला असणारी किंवा विड्या वळणारी बाई तेवढ्यावरनं तंबाखू खाणारी ठरत नाही. तो तिचा व्यवसाय, तो व्यवसायाच्या रकान्यात लिहायचा.

पहिला हप्ता तो भरतो म्हणतोय ते साफ नाकारा. विमा कायदा 1938 च्या कलम 41 प्रमाणं कमिशनमधनं सूट देणं आणि घेणं दोन्हीला बंदी आहे, दंड 10 लाखापर्यंत.

मराठी सही चालते. फॉर्मची भाषा एक आणि सहीची दुसरी असली की शेवटी एक डिक्लरेशन असतं, की सगळे प्रश्न ह्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगितले आणि उत्तरं त्यांनीच दिली. त्यावर समजावणाऱ्याची सही लागते. पुतणी सज्ञान असेल तर तिचीच घ्या, तिनं खरोखर वाचून दाखवलंय.

चिकोडी_एक्सप्रेस:
काका तुमचं कागदावर बरोबर हाय, पण गावात कोण एवढं बघतंय. आमच्या गल्लीतला एकजण पॉलिसी काढून पाच-सहा वर्षांनी गेला, दारू तंबाखू दोन्ही होतं, फॉर्मवर काय नव्हतं, तरी बायकोला पैसे मिळाले की. विमा कायद्यातलं कलम 45 म्हणतात ना, 3 वर्षांनंतर विचारता येत नाही ते, तेच. भावा, वय 36 तुझं, 3 वर्षं काय लगेच मरतोस व्हय, उगं जादा हप्ता कशाला भरत बसायचा?

खानापूर_अक्का:
असं लिहू नका हो. आमच्या धाकट्या दिरांचं असंच झालं. शुगर होती, मिरजेला दाखवत होते, एजंटनं फॉर्मवर काहीच लिहिलं नाही. पॉलिसीला दोन वर्षंही झाली नव्हती आणि हार्ट अटॅकनं गेले. पॉलिसी नवी म्हणून कंपनीनं चौकशीला माणूस पाठवला, तो गावातल्या डॉक्टरकडं गेला, मेडिकल दुकानात गेला, दवाखान्यातनं जुने केसपेपर काढून आणले. त्यात तारखेसकट शुगरची औषधं. क्लेम नामंजूर. जाऊबाई म्हणत होती, त्यांनी नुसती सही केली, लिहिलं तर एजंटनं, पण एजंट म्हणाला मला त्यांनी सांगितलंच नव्हतं. लेखी काय होतं तिच्याकडं? भरलेले हप्ते तेवढे परत आले. दोन पोरींना घेऊन ती आता दुसऱ्याच्या शेतात कामाला जाते.

3 वर्षांत कुणी मरत नाही असं धरून चालायचं असेल तर विमा काढायचाच कशाला, दादा?

टिळकवाडी_काका:
अक्कांनी सांगितलं तशा फायली माझ्या टेबलावर येत होत्या. कलम 45 बद्दल अर्धवट ऐकून लोक फसतात म्हणून नीट लिहितो. 2015 ला कायदा बदलला, तेव्हापासनं 3 वर्षं झाल्यावर कुठल्याही कारणानं पॉलिसीला आव्हान देता येत नाही, हे खरं. पण ही 3 वर्षं पॉलिसी दिल्यापासनं, जोखीम सुरू झाल्यापासनं, बंद पडलेली पुन्हा चालू केल्यापासनं किंवा रायडर (पॉलिसीला जोडलेलं जादा कव्हर) घेतल्यापासनं, ह्यात जे सर्वात उशिराचं तिथनं मोजतात. म्हणजे पाचव्या वर्षी हप्ता थकला, पॉलिसी लॅप्स झाली आणि पुन्हा चालू केली की तब्येतीचं डिक्लरेशन पुन्हा आणि 3 वर्षंही पुन्हा. 3 वर्षांच्या आत माहिती दडवलेली निघाली तर हप्ते 90 दिवसांत परत करून क्लेम नाकारतात, आणि ठरवून फसवणूक केली असं दिसलं तर तेही परत देत नाहीत.

एजंटनं लिहिलं होतं ही सबबही टिकणं अवघड. 2019 ला सुप्रीम कोर्टात एक प्रकरण होतं, विमेदारानं दुसऱ्या कंपनीची आधीची पॉलिसी फॉर्मवर लिहिली नव्हती. कोर्टानं कंपनीची बाजू धरली आणि न वाचता सही केली असं सांगून सुटका होत नाही असं म्हटलं. त्यामुळं जुनी एखादी पॉलिसी असेल, बँकेनं कर्जाबरोबर काढलेली असेल, तीसुद्धा लिहा.

निपाणी_शिवार:
अक्का, वाचून वाईट वाटलं. माझी बायकोही बाजूला बसून वाचालीय. काका, ठरलं, कोरा फॉर्म मागवतो आणि पुतणीकडनं भरून घेतो. पण उत्पन्नाचं काय? दुकानाचा रिटर्न भरतो तो लहान आहे, खरं उत्पन्न उसाचं, त्याला टॅक्स नाही. आणि कोटेशनवर 18 टक्के जीएसटी लावलेला आहे, तो सगळ्यांनाच लागतोय का?

कागवाड_ऊसवाला:
जीएसटीचं आधी सांगतो, 22 सप्टेंबर 2025 पासनं वैयक्तिक जीवन विम्यावर जीएसटी शून्य झालाय. कोटेशन जुनं असेल, नवीन काढून घ्या.

उत्पन्नासाठी मी दिलेले कागद: आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा), कारखान्याची ऊस बिलं, ती ज्या खात्यावर जमा होतात त्याचं स्टेटमेंट, आणि रिटर्नमध्ये शेतीचं उत्पन्न दाखवलेलं. टॅक्स लागत नसला तरी रिटर्नमध्ये दाखवत जावा, ह्या कामाला उपयोगी पडतंय. कंपनी उत्पन्नाच्या ठरावीक पटीतच विमा देते, आणि नुसत्या शेतीवर मोठी टर्म द्यायला काही कंपन्या कांकू करतात. सगळे कागद देऊनही 50 लाख बसंना झाले तर 30-35 ला मंजूर करून घ्या आणि उत्पन्न वाढलं की दुसरी काढा.

एक महत्त्वाचं, हप्त्याची तारीख. आपल्याकडं हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतोय आणि बिलं हिवाळ्यात पडतात. पॉलिसी जून-जुलैत सुरू केली तर दरवर्षी हप्ता ऐन पेरणीत, खताला पैसे नसताना येणार. म्हणून सुरुवातच अशा महिन्यात करा की बिल जमा झाल्यावर हप्ता येईल, आणि मोड वर्षाचा ठेवा, महिन्याचा एकूण जास्त पडतोय. वार्षिकला 30 दिवस सवलतीचे असतात, महिन्याच्याला 15. तंबाखू खाणाऱ्याची पॉलिसी लॅप्स होऊन पुन्हा मेडिकलला उभं राहायला लागणं हे आणखी महागात जातंय.

पॉलिसी हातात येईपर्यंत उघडं बसू नका. बँकेत पीएमजेजेबीवाय (प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना) आहे, वर्षाला 436 रुपयात 2 लाख, वय 18 ते 50, मेडिकल नाही. बायकोचीही काढा. अपघात सोडून पहिले 30 दिवस कव्हर नसतंय तेवढं लक्षात ठेवा.

खानापूर_अक्का:
सोसायटीचं कर्ज असेल तर अर्ज करतानाच एमडब्ल्यूपी, म्हणजे विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली पॉलिसी घ्यायचं बघा. 1874 चा जुना कायदा आहे, त्यात पैसा बायको-पोरांचाच राहतो, देणेकऱ्यांना हात लावता येत नाही. मात्र एकदा नावं घातली की पुन्हा बदलता येत नाहीत, म्हणून दोन्ही पोरांची नावं आधार कार्डाप्रमाणं घाला. आपल्याकडं आधारवर एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, कन्नडमधनं इंग्लिशमध्ये येताना तिसरंच, क्लेमच्या वेळी ह्याच्यापायी बायका तहसीलदार ऑफिसला हेलपाटे घालतात.

चिकोडी_एक्सप्रेस:
रिव्हायव्हल केल्यावर 3 वर्षं पुन्हा मोजतात हे मला माहीत नव्हतं. माझी एक गेल्या वर्षीच परत चालू केलीय, एजंटनं तब्येतीच्या कागदावर काय लिहिलंय ते बघतो. काका, भांडण झालंच कंपनीशी तर आपण कर्नाटकातले, बेंगळूरला जायचं का?

टिळकवाडी_काका:
आधी कंपनीकडं लेखी तक्रार. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी, त्याच्याकडं वर्षाच्या आत. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखापर्यंतचा निवाडा देऊ शकतात. कर्नाटकाचं ऑफिस बेंगळूरला आहे, पण तुमचा पत्ता किंवा कंपनीची शाखा, दोन्हीपैकी जिथं बसतं तिथं तक्रार चालते. पॉलिसी कोल्हापूरच्या शाखेतनं काढली असेल तर पुण्याला देता येते, आपल्या लोकांना तिथं मराठीत बोलायला सोपं जातं.

शिवार, तुमच्यासाठी राहिलेलं: मेडिकलला 10-12 तास उपाशी जा, आणि डॉक्टरनं विचारलं तर फॉर्मवर लिहिलंय तेच सांगा, तंबाखूसकट. जादा हप्ता लागला तर कंपनी तसं कळवून तुमची संमती मागेल. घाबरू नका, तेव्हाही नाही म्हणता येतं, आणि दुसऱ्या कंपनीकडं जाताना आधी जादा लागला होता हे तिथल्या फॉर्मवर लिहायचं. पॉलिसी घरी आली की त्यासोबत तुमच्या फॉर्मची प्रत असते, ती पुतणीकडनं पुन्हा एकदा वाचून घ्या. एकही टिक बदललेली दिसली तर 30 दिवसांचा फ्री लुक असतो, त्यात लेखी कळवा, पॉलिसी परत करता येते, मेडिकल, स्टॅम्प आणि तेवढ्या दिवसांची जोखीम कापून बाकी पैसे मिळतात.